लेकीच्या गावातली शेजारीण

माझ्या लेकीचं एक गाव आहे आणि त्या गावात मी तिची शेजारीण आहे. आई दुसरीच. ती ठाण्याला राहते, नात्याने माझी धाकटी जाऊ लागते, आणि गेलं वर्षभर तिचा नुसता विषय निघाला तरी माझ्या पोटात दुखायचं. उगाच साखर पेरून सांगण्यात अर्थ नाही. जळायचे मी तिच्यावर.

गाव म्हणजे टॅबमधलं. गणपतीला दीर आणि जाऊ घरी आले तेव्हा जावेने आपला जुना टॅब लेकीला दिला आणि त्यात हा खेळ घालून दिला. आत रस्ते, दुकानं, दवाखाना, बेकरी, बसथांबा, कडेला समुद्रसुद्धा. आपलं एक बाहुलं करायचं, त्याला घर घ्यायचं, कामधंदा लावायचा आणि सगळ्यांनी मिळून ते गाव चालवायचं. अनोळखी कुणी आत शिरू नये अशी व्यवस्था जावेने आधीच करून ठेवलेली. त्यामुळे गावात माणसं मोजकी. लेक, तिच्या चौथीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी आणि ठाण्याहून काकी. मैत्रिणी आमच्या वाडीतल्याच, आपापल्या आयांचे फोन घेऊन संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसायच्या. काकी माझ्या फोनवर यायची, तो स्पीकरवर ठेवायचा, की गाव सुरू. दिवेलागणीला बंद. एवढी शिस्त मात्र होती, आणि तीही जावेनेच लावलेली. मला नावं ठेवायला तेवढीही जागा ठेवली नव्हती तिने.

आता मी कोण, तर बालवाडीची बाई. वाडीतली बालवाडी मी चालवते. तिथे मी दिवसभर काय करते? दुकान-दुकान, दवाखाना-दवाखाना, लग्न-लग्न. करवंटीचा तराजू, गुंजांचे पैसे, जुन्या साडीचा पडदा. आया विचारतात, "बाई, पोरं नुसती खेळतात, शिकतात कधी?" मी त्यांना ठणकावून सांगते की जे पोर दुकानदार होतं ते समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला शिकतं, आणि जे डॉक्टर होतं त्याची सुईची भीती जाते. वर्षानुवर्षं हे सांगत आले. तेव्हा लेकीचा खेळ वाईट आहे असं म्हणायला मला तोंड नव्हतं. माझीच विद्या माझ्यावर उलटली, आणि तीसुद्धा कुणाच्या हातून, तर आमटीत शेंगदाण्याचं कूट घालणाऱ्या बाईच्या. जावेचं माहेर कोल्हापूरकडचं.

मला पहिला ठसका लागला तो बांगडे साफ करताना. मी मागच्या पडवीत विळीवर बसले होते. पुढच्या पडवीतून लेकीचा आवाज आला, "आई, तू दुकान बघ, मी जरा दवाखान्यात जाऊन येते."

मी म्हटलं, "माझे हात बरबटलेत गो. कुठलं दुकान?"

"तुला नाही, आई. मी आईला सांगतेय."

आणि लगेच फोनमधून जावेचा आवाज, "जा तू बाळा, मी बघते."

तळपायाची आग मस्तकात गेली. हात धुतले, पुढे गेले, विचारलं हे काय आहे. लेकीने मान वर न करता समजावलं. खेळात घर घेतलं की घरात प्रत्येकाने कुणीतरी व्हायचं असतं. काकी आई झाली आणि ती मुलगी झाली. मी विचारलं, मग मला का नाही विचारलंस? ती म्हणाली, "तू कामात होतीस." खोटं नव्हतं ते. मी कामातच असते. सकाळी बालवाडी, दुपारी पोषण आहाराची भांडी, संध्याकाळी चूल. आमचे हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात, मासेमारी जोरात असली की ह्यांना घरी यायला वेळकाळ नाही. घर माझ्या एकटीच्या डोक्यावर. आणि ठाण्यात बसलेली बाई, जिला घरी बसून संगणकावर काम, जेवणाला डबा, तिने उंटावरून शेळ्या हाकत माझ्या पोरीची आई व्हायचं. बरं चाललं होतं तिचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही गप्प बसले असते. पण दिवाळीला दिराने विषय काढला. फराळ झाला होता, आम्ही सगळे ओटीवर होतो. तो ह्यांना म्हणाला, "दादा, पाचवीपासून पोरीला आमच्याकडे पाठव. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरात आम्ही दोघंच." दोघंच म्हणून तो थांबला, आणि सगळेच थांबले. लग्नाला त्यांच्या बरीच वर्षं झाली. दवाखाने, औषधं, उपासतापास, सगळं करून झालेलं. मला कधी कधी जावेची कीव यायची, नाही असं नाही. पण कीव वेगळी आणि पोटची पोर वेगळी.

हे म्हणाले, "तिच्या भल्याचंच आहे. विचार करू."

मी म्हटलं, "रत्नागिरीतल्या शाळा काय समुद्रात बुडाल्या?"

दीर म्हणाला, घाई नाही, पण प्रवेश घ्यायचा तर गुढीपाडव्यापर्यंत कळवा. जाऊ लसूण सोलत खाली बघत होती. एक शब्द बोलली नाही. बोलणाऱ्या बाईशी भांडता तरी येतं. ही गप्प बसणारी जात फार धोक्याची.

ते लोक गेल्यावर मी लेकीला जवळ घेतलं आणि विचारलं, तुला जायचंय का? माझी पोर म्हणजे वेणी घालण्यावरूनही वकिली करणारी. पण ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." मला इतका आनंद झाला की मी तिला संध्याकाळी नारळाच्या वड्या करून घातल्या. पोर माझीच आहे म्हटलं. ह्यांनाही सांगितलं, बघा, तिचंही मन नाही. हे म्हणाले, "ती तसं म्हणाली?" मी म्हटलं, "तसंच म्हणाली." पण ह्यांचं मन ठाण्याकडे कललेलं होतं आणि पाडवा अजून लांब होता. तेव्हा मी ठरवलं, डोळ्यांत तेल घालून बसायचं. टॅब म्हणजे गळ आहे हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि गळाला लागलेला मासा हळूहळूच ओढतात.

तेव्हापासून खेळाच्या वेळेला मी कुळीथ निवडायला म्हणून पडवीत बसायला लागले. कुळथात खडा किती आणि मी निवडते किती, पण डोळे सगळे टॅबवर.

जे दिसलं त्याने जास्तच जळले. लेकीने बेकरी काढली होती. एक मैत्रीण यायची आणि न विचारता पाव उचलून चालती व्हायची. मी असते तर सांगून मोकळी झाले असते, तिला घेऊ नकोस पुन्हा दुकानात. जाऊ फोनमधून म्हणाली, "मग आता तू काय करशील?" एवढंच. लेक थोडा वेळ बसली आणि तिने दुकानाबाहेर पाटी लावली, 'आधी सांगा, मग घ्या.' दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने सांगून घेतलं. पुढे दोघींना एकदम डॉक्टर व्हायचं झालं, रडारड झाली, एकीने फोन आपटला. काकी तिकडून परत तेच, "मग आता?" शेवटी पोरींनीच ठरवलं, एक दातांची आणि एक तापाची. दातांच्या डॉक्टरकडे कुणी जाईना म्हणून मग तिने गावाला गोळ्या-चॉकलेटं वाटली. मला हसू आलं होतं, पण ते मी दाबलं. जावेच्या खेळाला मी हसायची नाही.

आणि एकदा एका मैत्रिणीने आपल्या मुंबईच्या मामेभावाला बोलावणं पाठवून गावात आणलं. तो लागला विचारायला, तुमचं घर कुठे, बाबा काय करतात, फोटो दाखव. लेक म्हणाली, "ते गावाबाहेरचं आहे. गावातलं विचार." आणि त्याच दमात काकीला सांगितलं. हे मी तिला शिकवायला हवं होतं. मी तिला काय शिकवलं होतं, तर पाहुण्यांनी विचारलं की नीट उत्तर द्यावं.

त्याच दिवसांत आम्ही तिघं भाजीला गेलो होतो. एरवी ही पोर माझ्या पदराआड. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ मधेच घुसून वांगी तोलून मागायला लागले, तर ही पुढे होऊन म्हणाली, "आजोबा, आमचा नंबर आधी आहे." रागाने नाही, सरळ. ते बाजूला झाले. हे चाट पडले. म्हणाले, "हिला एवढं बोलता यायला लागलं कधी?" मी म्हटलं, "बालवाडीत शिकवलंय मी." कधीच नव्हतं शिकवलं. पण जावेचं नाव माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

शेवटी एक दिवस राहवलं नाही. लेकीला म्हटलं, "मलाही घे खेळायला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू बालवाडीत मंत्री आलाय. म्हणाली, "तू कोण होशील?"

"आई."

"आई आहे."

"दोन आया नसतात?"

"दोन आया असल्या की एक रुसते," ती म्हणाली. कुठून शिकली कोण जाणे. मग विचार करून म्हणाली, "तू शेजारीण हो. गावाला शेजारीण लागतेच."

ह्यांचा घरी पडलेला जुना फोन घेतला आणि मी शेजारीण झाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काय, ते मी त्या आठवड्यात दाखवलं. माझं बाहुलं भिंतीवर जाऊन आपटायचं. बसमध्ये चढायला गेले तर समुद्रात पडले. पोरींची हसून मुरकुंडी, आणि फोनमधून जाऊ गोड आवाजात, "ताई, डावीकडचं बटण दाबा." तिने हसायला हवं होतं. हसली असती तर बरं वाटलं असतं. समजूतदारपणा करून माणसाला जाळायची एक कला असते, ती हिला जन्मजात.

एकदाचं चालता आलं तशी मी तडक त्यांच्या घरात शिरले. घर कसलं सजवलेलं. खिडकीत झाडं, पोरीची खोली, पोरीच्या खोलीत दोन खाटा. दोन कशाला, तर एक आईची. स्वयंपाकघरात शेगडी दारासमोर. मी म्हटलं, अशी कुणी शेगडी मांडतं का, आणि ढकलायला लागले. तेवढ्यात लेकीचं बाहुलं आडवं आलं.

"शेजारीणबाई, दारात थांबायचं असतं. आत या म्हटलं की यायचं."

खरी पोर माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. वाढत्या अंगाची, घामाने चिकट झालेली, तिच्या केसांना मीच सकाळी तेल लावलेलं. आणि तिथे मी दाराबाहेर. मी बाहेर गेले. मुकाट्याने दार वाजवलं. आतून जाऊ म्हणाली, "या की ताई," आणि मी म्हटलं, "नको, चुलीवर भात आहे." खरंच होता.

मग मी इरेला पेटले. माझं घर मोठं केलं. बाग केली. त्या खेळात आंब्याचं झाड एकाच जातीचं होतं, तरी मी ते ओळीने लावलं आणि हापूस म्हणून सांगितलं. झोका टांगला. लेकीला बोलावलं. ती आली, झोक्यावर बसली, आंबा खाल्ला, "छान आहे हं शेजारीणबाई," म्हणाली आणि दिवे लागायची वेळ झाली तशी घरी गेली. घरी म्हणजे त्या घरी. हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू बालवाडीतल्या पोरांसारखी करतेस." म्हटलं, बालवाडीतली पोरं खरी असतात. ती रडतात तेव्हा त्यांचं काहीतरी खरोखर गेलेलं असतं.

अशात शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. अंगण सारवायचं, रांगोळी काढायची, पालखी दारात टेकली की ओटी भरायची. मग गाऱ्हाणं. म्हणजे मानकरी घरच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, ह्या घराचं असं असं आहे, तू असं असं कर, आणि जमलेली माणसं प्रत्येक मागणीला 'व्हय महाराजा' म्हणतात. घरच्या माणसानेही म्हणायचं. त्याने म्हटल्याशिवाय आमच्याकडे पालखी उठवत नाहीत.

जावेने लग्न होऊन आल्यापासून एकही शिमगा चुकवला नव्हता. दरवर्षी ओटी भरायची आणि मानकऱ्याला हळूच सांगायची. काय सांगायची ते अख्ख्या वाडीला ठाऊक. यंदा त्यांना दोघांनाही रजा मिळाली नाही. फोनवर लेकीला म्हणाली, "यंदा पालखी बघायची राहिली गं माझी." आवाज पडलेला होता. मी भाकऱ्या थापत ऐकत होते आणि, खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, यंदा देव माझ्या एकटीचा.

पालखी आली. मी ओटी भरली. मानकऱ्याने विचारलं, काय सांगायचं? मी आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "पोर घरातच राहू दे. तिला कुणाची नजर लागू नये." त्याने आपल्या पद्धतीने ते लांबवून, सजवून देवापुढे मांडलं. लोक म्हणाले, व्हय महाराजा. मी सगळ्यात मोठ्याने म्हटलं. लेक माझ्या शेजारी आरतीचं तबक धरून उभी होती. ह्यांच्याकडे मी एक नजर टाकली, की आता देवापुढे झालंय, आता ठाण्याला काय कळवायचं ते कळवा. देवापुढे झाल्यावर माणूस काय बोलणार?

मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत रोजची मंडळी जमली. लेक म्हणाली, "आज आपल्या गावात पालखी आहे. काकीला यायला मिळालं नाही म्हणून." तिने सगळी तयारी करून ठेवली होती. फुलं विकायची हातगाडी होती खेळात, तीच पालखी. चहूबाजूंनी झेंडू. दोन्ही मैत्रिणींची बाहुली पुढे-मागे लावली. ढोल नव्हता, म्हणून एका पोरीने मांडीवर स्टीलचं ताट घेतलं आणि बडवायला लागली. मानकरी लेक स्वतः. मी ह्यांचा फोन घेऊन माझ्या दारात उभी राहिले. खरं तर मला आवडलं होतं. म्हटलं, बघ बाई, तुझ्या गावात माझ्या घरची रीत चालली.

पालखी आधी काकीच्या घरी टेकली. लेकीने घसा खाकरला, अगदी आमच्या मानकऱ्यासारखा, आणि सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज तुझी पालखी ह्या घरी आली. ह्या घरातल्या बाईला यंदा रजा मिळाली नाही, त्याचा राग धरू नको महाराजा."

पोरी म्हणाल्या, "व्हय महाराजा."

"दरवर्षी ती तुझ्याकडे जे मागते ते तिला दे महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि नसलंच द्यायचं, तर मागून मागून ती दमलीय, तिला जरा बसू दे महाराजा."

"व्हय महाराजा," पोरी म्हणाल्या. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग जाऊ म्हणाली, "व्हय महाराजा." मी हातातला फोन उगाच पुसला. मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याखाली तेच जुनं दुखणं होतं, की हे सगळं माझ्या पोरीला कळतं, आणि तिच्यासाठी कळतं.

पालखी उठली आणि वळून माझ्या दारात आली. ताट वाजायचं थांबलं. लेक टॅबवर ओणवी झाली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"बा देवा महाराजा, ह्या घरात एक शेजारीण आहे. तिला एकच लेक आहे महाराजा."

"व्हय महाराजा."

"त्या लेकीला ठाण्याला शाळेत जायचंय महाराजा."

एक मैत्रीण व्हय म्हणाली, दुसरीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"पण ती आईला सांगत नाही. कारण आईला रडू येतं, आणि मग आई काकीला बोलते. काल आईने खऱ्या पालखीला जे सांगितलं ते तू मनावर घेऊ नको महाराजा. ती पोर शनिवारी-रविवारी फोन करेल, सुट्टीला येईल. तिच्या आईचं मन मोठं कर महाराजा."

ह्या वेळी पोरीही व्हय म्हणाल्या नाहीत. म्हणजे दिवाळीपासून ही पोर मनात धरून बसली होती. 'तू म्हणशील तसं' म्हणत माझ्या हातच्या वड्या खात होती. माझ्या घरात, माझ्या तोंडावर तिला हे सांगता आलं नाही. त्यासाठी तिला दुसरं गाव लागलं, दुसरी पालखी लागली, आणि मी आई म्हणून नाही, शेजारीण म्हणून लागले.

फोनमधून जावेचा आवाज आला. "ताई, मी व्हय म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. ह्यांनाही काढू देणार नाही."

तेवढ्यानेही मी जळले. एवढं मोठं मन हिला कुठून मिळालं, आणि माझ्यासाठी ते पोरीला देवाकडे का मागावं लागलं? काल मी अख्ख्या वाडीसमोर व्हय म्हणून घेतलं होतं. आज ती चिकट घामेजलेली पोर माझ्या मांडीला लागून बसली होती. टॅबमध्ये तिचं बाहुलं माझ्या दारात हात जोडून उभं होतं.

"शेजारीणबाई, म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "पालखी उठत नाही."

मन मोठंबिठं काही झालं नाही माझं. होतं तेवढंच राहिलं. मी म्हटलं, "व्हय महाराजा."

मैत्रिणीने ताट बडवलं. गाडी हलली. लेकीने आता कुठे मान वर केली. डोळे भरलेले होते, पण तिने विचारलं ते अगदी नीट विचारलं.

"आई, हे तू म्हणालीस की शेजारीण म्हणाली?"

शेजारीण म्हणाली असं सांगितलं असतं तर ती राहिली असती. मला माहीत होतं. तिने टॅब मिटला असता, पान वाढायला आत आली असती आणि पुन्हा तो विषय कधी काढला नसता.

"मी म्हणाले," मी सांगितलं.